दोन दातांमधलं अंतर

पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी आलेल्या पंचेचाळिशीच्या या पेशंटचे रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, छातीचा एक्स-रे सगळं नॉर्मल होतं. भूल देणारा डॉक्टर म्हणून भुलेआधीच्या तपासणीत मी म्हटलं, "भाऊ, तोंड पूर्ण उघडा, जीभ बाहेर काढा."

"एवढंच उघडते, डॉक्टर."

पट्टी लावली तर वरच्या-खालच्या दातांत १४ मिलिमीटर. एरवी माणसाची स्वतःची तीन बोटं उभी शिरतात, म्हणजे ४ सेंटिमीटरच्या आसपास. टॉर्च मारूनही पडजीभ दिसेना, त्यामुळे मॅलमपटीचा वर्ग (उघड्या तोंडात घशाचा किती भाग दिसतो, यावरून नळी घालणं किती अवघड जाईल याचा अंदाज) ठरवणंच शक्य नव्हतं. मान मात्र छान मागे जात होती आणि हनुवटीपासून कंठमण्यापर्यंत ७ सेंटिमीटर भरले. अशा चांगल्या आकड्यांवर विसंबलं की घात होतो.

गालाच्या आत बोट फिरवलं. अस्तर पांढुरकं, ताठ, उभे पट्टे हाताला लागत होते. गाल फुगवता येत नव्हते.

"तिखट झोंबते?"

"भाजी धुऊन खातो जी."

खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) किती वर्षं, हे मग विचारायचं. सुपारीने होणारा हा सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचं अस्तर ताठ होण्याचा आजार, विदर्भात आम्हाला वारंवार भेटतो. दुखण्यामुळे आवळलेला जबडा भुलेनंतर बऱ्याचदा सैल पडतो. इथे स्नायूंऐवजी अस्तराखालचे तंतूच आखडलेले असतात. सक्सिनिलकोलीन (स्नायू सैल करणारं औषध) देऊन श्वास थांबेल, तोंड १४ मिलिमीटरच राहील. मग श्वासाची वाट मोकळी ठेवायला स्वरयंत्र दाखवणारा लॅरिंगोस्कोप नाही, घशात बसवायचा मास्क (एलएमए) नाही, तोंडातून घालायचा साधा एअरवेही नाही.

म्हणून श्वासाची नळी जागेपणीच, नाकातून, फायबरऑप्टिक स्कोपवरून (बारीक, लवचीक दुर्बिणीवरून) घालायची. एकेक नाकपुडी दाबून श्वास घ्यायला लावला, उजवी मोकळी. रक्त पातळ करणारी गोळी चालू नव्हती. गळ्यावर क्रिकोथायरॉइड पडद्याची (अगदीच अडलं तर श्वासासाठी छेद द्यायची जागा) खूण केली. ईएनटी सर्जन ट्रॅकिओस्टॉमीचा (गळ्यातून श्वासनलिकेला छिद्र पाडण्याचा) सेट उघडून शेजारी उभे.

लाळ कमी करायला ग्लायकोपायरोलेट ०.२ मिलिग्रॅम, नाक मोकळं करायला झायलोमेटाझोलिन. जागा बधिर करायला ४ टक्के लिग्नोकेनचे ४ मिलि वाफेतून, २ मिलि श्वासनलिकेत, नाकात २ टक्के जेली ५ मिलि: एकूण ३४० मिलिग्रॅम. ६० किलोच्या सडपातळ माणसाला किलोमागे ९ च्या हिशोबाने मर्यादा ५४०. डाव्या नाकपुडीतून ऑक्सिजन चालू.

स्वरतंतू दिसले, स्कोप कॅरिनाच्या (श्वासनलिका दुभागते त्या जागेच्या) वर थांबला, पण ६.५ ची नळी पुढे सरकेना. नळीचं टोक बहुधा ॲरिटेनॉइडवर (स्वरयंत्रातल्या कूर्चेवर) अडकतं. जोर लावायचा नाही. थोडी मागे घेऊन घड्याळाच्या उलट ९० अंश फिरवली, गेली. कॅप्नोग्राफवर (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर) सलग आलेख उमटल्यावरच प्रोपोफॉल, म्हणजे भुलेचं औषध, दिलं.

नळी काढतानाही तोच धोका असतो. पूर्ण जागा, डोळे उघडे, हात घट्ट दाबतोय, तेव्हाच काढली. डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "तोंड १४ मिमी. नळी जागेपणी, उजव्या नाकातून." तोंडाच्या तपासणीसाठी दंतविभागाची चिठ्ठीही दिली, कारण या आजारात पुढे कॅन्सर होऊ शकतो.