एक मीटरची होडी, नऊ मीटरची होडी

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी होडीला होणारा पाण्याचा विरोध, म्हणजे ड्रॅग, मोजायचं ठरवलं. त्यासाठी लागणारा लांब हौद आमच्याकडे नव्हता. पण गोव्यात प्रियोळला आजोळच्या कुळागरात जांभ्या दगडाची तळी आहे. मामांनी काठावर चार मीटरचा बांबू रोवून दिला. एक कप्पी पाण्याच्या पातळीला, दुसरी बांबूच्या टोकाला, त्यांवरून बारीक दोरा. एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला मेस्ताने (सुताराने) करून दिलेली, नऊ मीटरच्या खऱ्या होडीची एक मीटरची प्रतिकृती. वजन खाली येतं, होडी पुढे सरकते. वेग स्थिर झाला की दोऱ्याची ओढ आणि पाण्याचा विरोध सारखे. शेवटच्या मीटरला किती वेळ लागला, ते फोनच्या स्लो-मोशन व्हिडिओवर बघायचं.

पहिला आठवडा नुसती धडपड. तेच वजन, आणि वेग कधी सेकंदाला 0.93 मीटर, कधी 1.08. आधी मी पाण्याला दोष दिला. दर फेरीनंतर पायरीवर बसून राहायचे, पाण्यातल्या पोफळीच्या सावल्या हलायच्या थांबेपर्यंत. दहा मिनिटं सहज जात. फरक पडला, पण पुरेसा नाही.

मग नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, पोटॅशियम परमँगनेट लावून व्हिडिओ काढला. जांभळी रेघ होडीच्या अंगाला चिकटून सरळ जायची आणि मध्येच पिंजल्यासारखी फुटायची. एका फेरीत नाळेपासून वीतभर अंतरावर, दुसऱ्या फेरीत पार मधोमध. इतक्या लहान होडीभोवतीचा प्रवाह पुढच्या भागात शांत राहतो, कधी फुटेल याचा नेम नसतो. खऱ्या होडीभोवती तो जवळजवळ नाळेपासूनच खळबळलेला असतो. उपाय जुनाच आहे, सरांनी सांगितला: नाळेमागे वाळूची बारीक पट्टी चिकटवायची, म्हणजे प्रवाह दर वेळी तिथंच फुटतो. पट्टी लावली आणि आकडे जागेवर आले. सेकंदाला एक मीटर वेगाला 71 ग्रॅम. त्या दिवशी मला जेवण सुचलं नाही.

खरी होडी नऊ मीटरची, म्हणून वेग नऊच्या वर्गमुळाने, म्हणजे तिप्पट धरायचा. तेव्हाच दोन्ही होड्यांच्या लाटांचा आकार जुळतो. हा नियम एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अभियंत्याचा, विल्यम फ्रूडचा. मी 71 ग्रॅमला थेट नऊच्या घनाने, 729 ने, गुणलं आणि 52 किलो लिहून मोकळी झाले. सरांनी वही परत केली. लाटांचा विरोध तसा वाढतो, घर्षणाचा नाही. घर्षण वेगळं काढून रेनॉल्ड्स अंकावरून (वेग, लांबी आणि पाण्याचा चिकटपणा यांवरून निघणाऱ्या अंकावरून) नव्याने मोजावं लागतं. घर्षण वेगळं काढणं हाच फ्रूडच्या कामाचा गाभा, आणि मी नेमका तोच गाळला होता. नव्या हिशेबाने उत्तर 38 किलो.

हे तपासायचं कसं? फ्रूडने 1871 मध्ये ‘ग्रेहाउंड’ हे जहाज दुसऱ्या जहाजाकडून ओढवून घेतलं होतं, आणि पुढच्या जहाजाचं ढवळलेलं पाणी मध्ये येऊ नये म्हणून दोर बाजूला काढलेल्या वाशाला बांधला होता. आम्ही बेतूलला, साळ नदीच्या मुखाशी, पहाटे भरतीचं पाणी थांबल्यावर तेच केलं: पुढच्या होडीला आडवा बांबू, त्याला दोर, मध्ये ताणकाटा. मागच्या होडीचं इंजिन वर उचललेलं. वेग सेकंदाला तीन मीटर झाला तेव्हा काट्यावर 44.

मी हिरमुसले. होडीवाले काका म्हणाले, “बाय, तळ बघितलास? दोन महिने घासला नाही.” खाली हात घातला, तर शेवाळ आणि बार्नॅकलचा, म्हणजे तळाला चिकटणाऱ्या कवचधारी जिवांचा, खरखरीत थर.

पुढच्या आठवड्यात त्यांनी होडी वाळूवर काढून तळ खरवडला. परत तीच वेळ, तोच दोर. काटा 39 आणि 40 च्या मध्ये हलत होता. काकांनी वाकून तो स्वतः वाचला, मग मला उलट्या दिशेनेही एक फेरी घ्यायला लावली, ओहोटी लागायच्या आत.