भाच्याची यादी आणि माझा ब्लॉग

ब्लॉग कसा लिहावा हे सांगणाऱ्या लेखांत ज्याला ‘तुम्ही’ म्हटलेलं असतं, तो माणूस काहीतरी विकत असतो. कोर्स, साबण, सल्ला, नाहीतर स्वतःच्या पानावरची जाहिरातीची जागा. हे ध्यानात आलं की त्या लेखांशी भांडण उरत नाही. ते चुकीचं सांगत नाहीत, दुसऱ्या कुणाला तरी सांगत असतात.

मी कोल्हापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी रक्ताचे नमुने, दुपारी रिपोर्ट. रविवारी आसपासच्या गावांतून फिरते आणि जे पाहिलं ते लिहिते. गुऱ्हाळं, चुरमुऱ्यांच्या भट्ट्या, पट्टणकोडोलीतले घोंगडी विणणारे, पंचगंगेचं पाणी. माझा भाचा पुण्यात डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे. दिवाळीला आला तेव्हा त्यानं सगळा ब्लॉग बसून वाचला आणि मला एक यादी करून दिली. एकच विषय धर. आठवड्याला दोन पोस्ट टाक. मथळ्यात उत्सुकता हवी. परिच्छेद दोन ओळींचे. जुन्या पोस्टवरच्या तारखा काढ. कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर जे शब्द टाकून शोधतात ते, आधी शोधून मग लिही. “मावशी, तू लिहितेस चांगलं गं, पण ते पोचत नाही,” असं तो म्हणाला. मनापासून म्हणाला, म्हणून मीही त्या यादीवर मनापासून विचार केला.

आधी हे सल्ले आले कुठून ते पाहू. १९९९ साली ब्लॉगर ही ब्लॉग लिहायची वेबसाइट सुरू झाली तेव्हा त्यावर लिहिणारे बहुतेक हौशीच होते. मग २००३ हे एकच वर्ष बघा. त्या वर्षी गूगलनं ब्लॉगर विकत घेतलं, वर्डप्रेस ही ब्लॉग लिहायची दुसरी सोय आली आणि आपल्या पानावर जाहिराती लावून पैसे मिळवायची गूगलची अ‍ॅडसेन्स ही योजनाही आली. कुणाच्याही पानावर आलेल्या वाचकाला त्या दिवसापासून किंमत आली. किंमत आली की तो वाचक वाढवायचा कसा याचं शास्त्र तयार होणारच. ते शास्त्र खोटं नाही. पण ‘चांगलं लिहावं कसं’ या प्रश्नातून ते निघालेलं नाही, ‘जास्त माणसं आणावी कशी’ या प्रश्नातून निघालंय. नंतर दोन्ही एकच मानले गेले, आणि संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर लिहायला बसणाऱ्या माणसालाही वाटायला लागलं की आपण नियम मोडतोय.

आठवड्याला दोन पोस्टचंच घ्या. गुऱ्हाळं दसरा-दिवाळीच्या सुमाराला पेटतात आणि उन्हाळा तापायला लागला की थंडावतात. काहिलीपाशी, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी, उभं राहिल्याशिवाय मला गुळावर लिहिता येत नाही. रस काहिलीत पडतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं सारली जातात, रस तापला की मळी वर येते. त्यात रानभेंडीचा चिकट रस घालतात, त्याला धरून उरलेली घाण वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायचं. मग रस उकळत, फेसाळत, आटत जातो आणि सगळा खेळ शेवटच्या काही मिनिटांवर येतो. ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास पाक गुळाला येतो. गुळव्याकडे, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराकडे, थर्मामीटर नसतो. तो पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांत धरून गोळी होते का बघतो, बुडबुड्यांचा आवाज ऐकतो आणि हाक देतो. लगेच माणसं काहील उचलून पाक गार करायच्या वाफ्यात ओततात. जरा लवकर काढला तर गूळ मऊ पडतो, जरा उशीर झाला तर करपतो. मी ज्यांच्याकडे जाते ते गुळव्यामामा तीस-पस्तीस वर्षं हे करताहेत, आणि मला ते एका रविवारात कळणं शक्य नव्हतं. पहिल्या खेपेला मी फक्त वाफ बघितली. बुडबुड्यांचा आवाज बदलतो हे कानाला कळायला पुढचा हंगाम उजाडावा लागला, आणि लेख तेव्हाच झाला. दर बुधवारी आणि शनिवारी काहीतरी टाकायचंच असं ठरवलं असतं तर पहिल्या खेपेच्या वाफेवरच लेख झाला असता.

दोन ओळींच्या परिच्छेदांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणारे याकोब नीलसेन यांनी १९९७ साली दाखवलं की त्यांच्या चाचणीतले ७९ टक्के लोक नवं पान नुसतं चाळतात. तो आकडा अजून सगळीकडे फिरतो. पण तोच अभ्यास असंही सांगतो की १६ टक्के लोक शब्दन् शब्द वाचत होते. मी त्या लोकांसाठी लिहिते. शब्दसंख्येचं म्हणाल तर कमीत कमी इतके शब्द हवेत असा कुठलाही जादूचा आकडा नाही हे गूगलनंच आपल्या मार्गदर्शिकेत लिहून ठेवलंय.

एकच विषय धरण्याबद्दलही माझं ठाम मत आहे. दुकानाला पाटी लागते, कारण गिऱ्हाइकाला आत काय मिळेल ते बाहेरून कळायला हवं. हौसेनं लिहिणारा माणूस एका विषयाचा नसतो. गुळावर वाचायला आलेला वाचक घोंगडीवरचं वाचेलच असं नाही, आणि न वाचल्यानं माझं काही अडत नाही. दोन्ही लिहायला मिळणं यासाठीच तर ब्लॉग आहे.

तारखा काढण्याचा सल्ला मात्र मला चुकीचाच नव्हे, घातक वाटतो. त्यामागचा हेतू असा की लेख शिळा वाटू नये, वर्षानुवर्षं वाचक येत राहावेत. आता कोल्हापुरातल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आम्ही तो आकडा दर तासाला विचारत होतो. त्या दिवसांत मीही लिहिलं: कुठल्या गल्लीत पाणी आलं, कुठला रस्ता बंद झाला, दूध कुठे मिळतंय. आता दर पावसाळ्यात नदी जरा फुगली की जुने फोटो, जुने व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर नव्यानं फिरायला लागतात आणि म्हातारी माणसं सामान माळ्यावर टाकायला घेतात. माझ्या त्या पोस्टवरची तारीख मी काढली तर मीही त्यात भर घालीन. भाच्याला हे सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “मावशी, हा मुद्दा यादीतून खोडतो.” उलट मी आता पुराच्या प्रत्येक पोस्टच्या मथळ्यातच दिवस, महिना आणि वर्ष घालते.

कीवर्डच्या सल्ल्यातून मात्र मला कामाचं काही मिळालं. वाचक आणायचे म्हणून नव्हे, शोधणाऱ्याला सापडावं म्हणून. ‘गुऱ्हाळ’ हाच शब्द घ्या. यातला ऱ्ह दोन वेगळ्या रीतीनं टाइप होतो. डोळ्यांना तो सारखाच दिसतो, पण आत साठवताना त्याची अक्षरं वेगळी पडतात आणि साध्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. काहींच्या फोनवर हा ऱ्ह उमटतच नाही, मग ते रफार देऊन ‘गुर्हाळ’ लिहितात. कितीतरी जण रोमन अक्षरांतच शोधतात. इंग्रजी लेखांतल्या सल्ल्यांना हे प्रश्न ठाऊकच नाहीत, ते आपल्यालाच सोडवावे लागतात.

पोस्टच्या पत्त्याचंही, म्हणजे लिंकचंही, तसंच. ब्लॉगरवर मथळा देवनागरीत दिला की पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि एखादा आकडा येतो, म्हणजे पत्ता बघून काहीच कळत नाही. जिथे देवनागरी पत्ता चालतो तिथे त्याची नक्कल दुसरीकडे चिकटवली की प्रत्येक अक्षराच्या, प्रत्येक मात्रेच्या जागी टक्क्याची चिन्हं, आकडे आणि रोमन अक्षरं येतात; एवढासा ‘गुऱ्हाळ’ ६३ खुणांचा होतो. म्हणून पोस्ट टाकण्याआधी मी पत्ता हातानं लिहिते, रोमन अक्षरांत, गावाचं नाव आणि वर्ष घालून. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याचा उपयोग होतो. मस्कतमध्ये नोकरी करणाऱ्या, मूळच्या गडहिंग्लजकडच्या एका गृहस्थांना माझा गुळावरचा लेख असाच शोधताना सापडला. त्यांच्या घरचं गुऱ्हाळ बंद पडून बरीच वर्षं झाली. त्यांनी लांबलचक पत्र लिहिलं: आजोबांच्या वेळी बैलांचा चरक कसा होता, लहान मुलांना गरम काकवी कशावर द्यायचे, मग डिझेल इंजिन कसं आलं. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

आणि एक सल्ला यादीत नव्हता, तो मी घालते: लिहिलेलं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवा. २००९ साली याहूनं जिओसिटीज ही फुकट वेबपानं करून देणारी साइट बंद केली तेव्हा हौशी लोकांची असंख्य पानं एका फटक्यात गेली. फुकटची जागा कधीही जाऊ शकते.

राहिला मथळा. भाच्यानं माझ्या एका लेखाला मथळा सुचवला होता: ‘तुमच्या गुळात काय मिसळतात? वाचून धक्का बसेल!’ लेख खरोखर त्याबद्दलच होता. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून पाकात हायड्रॉस पावडर घालतात, त्यातून गंधकाचा अंश गुळात राहतो, त्याची मर्यादा ७० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ७० भाग, आहे आणि ती सगळीकडे पाळली जातेच असं नाही. धक्क्याचा मथळा दिला असता तर लेख जोरात फिरला असता, यात मला शंका नाही. पण फिरलेल्या लेखाचं पुढे काय होतं? वाचणारा चिडतो, गुऱ्हाळवाल्यांना चोर म्हणतो आणि बाजारात गेला की पुन्हा पिवळाच गूळ निवडतो. मी मथळा दिला: ‘गूळ पिवळा का दिसतो’.

तो लेख मी टाकण्याआधी गुळव्यामामांकडे घेऊन गेले आणि वाचून दाखवला. ते पावडर घालतात, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. त्यांच्या तोंडचं मी त्यांना न विचारता जगापुढे ठेवणार नव्हते. त्यांनी पूर्ण ऐकलं. म्हणाले, “ताई, पावडरीचं लिवा, खोटं न्हाई. गुऱ्हाळाचं नाव तेवढं नको.” मग म्हणाले, “आन् त्ये दराचं वाक्य आधी घ्या. काळ्या गुळाला भाव कमी मिळतो, ह्ये पयलं सांगा. मग पावडरीचं. न्हाईतर लोकास्नी वाटंल आमी हौसंनं घालतोय.”

त्यांचं बरोबर होतं. मी दराचं वाक्य वर घेतलं, नाव गाळलं आणि लेख टाकला.