दोन सेंटिमीटर कमी

लंबकाच्या प्रॅक्टिकलचं उत्तर मुलांना लॅबमध्ये पाय टाकण्याआधीच ठाऊक असतं. गुरुत्वीय त्वरण 9.8. एक मीटर दोरा, वीस दोलनं, स्टॉपवॉच, की जर्नल तयार. सीनियरचं जर्नल हाताशी असेल तर स्टॉपवॉचचीही गरज नाही.

उचललेली रीडिंग लगेच ओळखू येतात. वीस दोलनांना साधारण 40.14 सेकंद लागतात हे खरं, पण बटण दाबणारा माणूसच 0.2 सेकंद इकडेतिकडे होतो. तिन्ही वेळा 40.14, 40.14, 40.15 देणारा अंगठा अजून जन्माला यायचाय. तरी तो संशयच, आणि संशयावर मार्क कापता येत नाहीत.

त्या दिवशी चार नंबरच्या टेबलावरची जोडी हिरमुसून आली. "सर, आमचं 10.0 येतंय. परत परत केलं. टेबल बदलून मिळेल?" वहीत 39.68, 39.81, 39.72. एक रीडिंग खोडून शेजारी लिहिलेलं, 'मोजताना चुकलो'. इतकी देखणी खाडाखोड बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

टेबलापाशी गेलो. दोरा ठीक, लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत घेतलेली, झोकाही लहान. मग मीटरपट्टी हातात घेतली. तिचं सुरुवातीचं टोकच नव्हतं. कधीतरी तुटलं असावं आणि कुणीतरी ते सफाईनं घासून ठेवलं होतं. आकडे 2 सेंटिमीटरपासून सुरू होत होते. पोरं टोक दोऱ्याच्या आधाराला लावून 100 वाचत होती, लांबी होती 98. 98 धरून गणित केलं, त्यांच्याच रीडिंगवरून उत्तर आलं 9.8.

मग लक्षात आलं, या टेबलावर आधीच्या बॅचही बसून गेल्यात. जर्नलांचा गठ्ठा काढला. टेबल चार: 9.79, 9.81, 9.8, 9.8. कुणी तुटकं टोक पाहून वजाबाकी केली असती तर तशी नोंद असती. प्रत्येकानं लांबी 100 लिहिलेली. त्या लांबीला ते उत्तर त्या पट्टीनं येऊच शकत नव्हतं.

विभागातल्या ज्येष्ठांचा सल्ला: पट्टी बदला, विषय संपवा. मला हे पटत नाही, पण मार्कांचं कोष्टक त्यांच्याच बाजूनं बोलतं. 'उत्तर प्रमाणित किमतीजवळ' याला वेगळे मार्क. कच्च्या रीडिंगला शून्य. आपणच 9.8 विकत घ्यायला बसलो तर मुलं 9.8 आणून देणारच.

पुढच्या तासाला पट्टी वर्गात फिरवली आणि अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनची गोष्ट सांगितली. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणाऱ्या तेलाच्या थेंबांवरच्या 1913 च्या निबंधात त्यानं 58 थेंबांची मोजमापं दिली आणि निवड केलेली नाही, असं ठासून लिहिलं. त्याच्या वह्यांत मात्र वगळलेले थेंब सापडले. ते धरले तरी किंमत फारशी बदलत नाही. प्रश्न त्या वाक्याचा आहे. मागच्या बाकावरून आवाज आला, "पण सर, नोबेल मिळालंच ना?" मिळालं, 1923 मध्ये. वर्ग हसला, मीही.

आता नियम केलाय: रीडिंग पेनानंच, खोडलेलं वाचता आलं पाहिजे, आणि लॅब सोडण्यापूर्वी कच्च्या पानावर माझी सही. तपासायला वेळ दुप्पट लागतो.

त्या जोडीतली मुलगी नंतर येऊन विचारून गेली, "बाहेरचे परीक्षक 10.0 ला मार्क देतील?" तिच्या जर्नलात पट्टीबद्दल दोन ओळी लिहून सही केली, परीक्षक त्या वाचतील याची खात्री देता आली नाही. टेबल चारच्या बाकीच्यांना त्याच पट्टीवर प्रयोग पुन्हा करायला लावणार आहे. ज्येष्ठांनी तोवर नवी पट्टी मागवलीसुद्धा.