‘स्वामित्वहक्क शासनाकडे राखीव’: एका सरकारी अहवालाची फाईल मिळवताना

शासनाने नेमलेल्या एका समितीचा सिंचनावरचा अहवाल. 1961 साली छापलेला, दोन भाग, नऊशेच्या वर पानं. आज तो विकत कुठेच मिळत नाही. ज्या कार्यालयाकडे तो आहे, त्यांनी काही वर्षांपूर्वी सरकारी खर्चाने तो पूर्ण स्कॅन करून घेतला. म्हणजे फाईल तयार होती आणि मला फक्त तिची नक्कल हवी होती. ती हातात पडेपर्यंत जे झालं, त्याचा राग अजून गेलेला नाही. तो ताजा आहे तोवरच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या माणसाला तेच उत्तर मिळालं तर काय करायचं ते त्याला ठाऊक असेल.

अहवाल मुळात हवा होता माझ्या मावसभावाला. तो दृष्टिहीन आहे, शेतीच्या अर्थशास्त्रावर काम करतो आणि सगळं वाचन स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकून करतो. कार्यालयाच्या वाचन कक्षात संगणकावर अहवाल दाखवतात, पण तो बसून डोळ्यांनी बघण्यापुरता. माझ्यासमोर तिथल्या सहायकाने फोल्डर उघडलं. आत आणखी दोन फोल्डर होते, एकाचं नाव ‘मूळ’ आणि दुसऱ्याचं ‘वॉटरमार्क’. बाहेरच्यांना दुसऱ्यातलं दाखवायचं, असा नियम. त्यातल्या प्रत्येक पानावर तिरकी करडी अक्षरं उमटवलेली: सर्व हक्क राखीव. तक्त्यांवरूनही तीच गेलेली. आकडा 3 आहे की 8, हे डोळे शाबूत असलेल्या मलाही कळत नव्हतं, मग सॉफ्टवेअरला कुठून कळणार?

दुसरं कारण सार्वजनिक आहे. आम्ही काही जण मिळून डिजिटल माहितीच्या हक्कावर काम करतो. जनतेच्या पैशातून तयार झालेलं साहित्य प्रकाशित झाल्या दिवसापासून सर्वांना मुक्तपणे वापरता आलं पाहिजे, यासाठी कॉपीराइट (स्वामित्वहक्क) कायदा बदलावा, असं निवेदन आम्ही खासदारांना देणार होतो. नुसती तत्त्वं सांगून कोणी हलत नाही, हातात एक धडधडीत उदाहरण लागतं. ते असं आयतं मिळेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

फाईलच्या प्रतीसाठी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. तो करणं सोपं आहे, त्यावर फार लिहीत नाही. जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा इतिहास सांगत बसू नका. माहिती कशासाठी हवी हे लिहायचं नाही. कलम 6(2) प्रमाणे ते विचारण्याचा अधिकारच त्यांना नाही.

तीस दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं. सदर अहवाल हे शासनाचे प्रकाशन असून त्याचे स्वामित्वहक्क शासनाकडे राखीव असल्याने माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम 9 अन्वये प्रत देता येत नाही. कार्यालयीन वेळेत वाचन कक्षात अवलोकन करता येईल. खाली सही, शिक्का.

आता कलम 9 काय म्हणतं ते बघा. माहिती दिल्याने राज्याव्यतिरिक्त दुसऱ्या कुणाच्या कॉपीराइटचा भंग होत असेल, तरच त्या कलमाखाली नकार देता येतो. एखाद्या खासगी लेखकाचं हस्तलिखित, एखाद्या कंपनीने तयार केलेला नकाशा, अशांसाठी ती तरतूद आहे. राज्याचा स्वतःचा हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. म्हणजे ‘हक्क शासनाचा आहे’ हे जे कारण त्यांनी नकारासाठी दिलं, त्याच कारणाने कलम 9 तिथे लागू होत नाही!

आणि तो हक्क तरी उरला होता का? 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 28 प्रमाणे शासकीय कृतीवरचा, म्हणजे शासनाने काढलेल्या साहित्यावरचा, हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षं टिकतो. 1961 चं प्रकाशन असेल तर मोजणी 1962 पासून, शेवट 31 डिसेंबर 2021 ला. 1 जानेवारी 2022 पासून हा अहवाल कुणाच्याही मालकीचा नाही. जो हक्क संपला, त्याच्या नावाने पानापानावर शिक्के मारून ठेवलेत, आणि ते मारण्याचा खर्चही आपलाच.

मी जन माहिती अधिकाऱ्यांना, म्हणजे कार्यालयात अशा अर्जांना उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यांना, भेटायला गेले. माणूस उर्मट नव्हता, हे मुद्दाम सांगते. चहा विचारला, बसायला खुर्ची दिली. पण मुद्दा आला की गाडी तिथेच अडायची.

“मॅडम, आमचं प्रकाशन आहे ते. असं कुणालाही दिलं तर उद्या लोक छापून विकतील.”

“विकू देत की, साहेब. मुदत संपलीय.”

“मुदत पुस्तकाची संपली असेल. स्कॅनिंग आत्ताचं आहे. त्यावर खर्च झालाय आमचा.”

हा युक्तिवाद नीट लक्षात ठेवा, कारण तो सगळीकडे ऐकायला मिळतो: जुनं पुस्तक स्कॅन केलं की जणू नवा हक्क सुरू. तसं होत नाही. नुसते कष्ट आणि पैसा ओतला म्हणून कॉपीराइट मिळत नाही, त्यात थोडी तरी स्वतःची निर्मिती लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात 12 डिसेंबर 2007 रोजी स्पष्ट केलं आहे. पान काचेवर ठेवून बटण दाबण्यात कसली आली निर्मिती?

मग त्यांनी तोडगा काढला. फाईल नाही, पण दोन रुपये पानाप्रमाणे झेरॉक्स घ्या. नऊशे पानांची झेरॉक्स. जो माणूस ऐकून वाचतो त्याच्यासाठी कागदाचा गठ्ठा! मी भावाबद्दल सांगितलं. ते खरोखर हळहळले, म्हणाले, “त्यांना कुणीतरी वाचून दाखवा ना.” त्या वाक्याने मी जितकी संतापले तितकी नकाराच्या पत्रानेही संतापले नव्हते. स्वतःचं स्वतः वाचता यावं यासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीचा माराकेश करार 2013 मध्ये झाला आणि त्याला जून 2014 मध्ये जगात सर्वांत आधी अनुसमर्थन देणारा देश भारत होता. त्याआधी 2012 च्या दुरुस्तीनेच आपल्या कायद्यात दिव्यांगांसाठी सुलभ प्रत करायला मुभा मिळाली होती. म्हणजे हक्क जिवंत असता तरी त्याच्यासाठी प्रत करायला कायदा आडवा आला नसता. एवढं सगळं कागदावर असताना ‘कुणीतरी वाचून दाखवा’ हे उत्तर मी का ऐकून घ्यावं?

झेरॉक्सच्या मुद्द्यावर माहिती अधिकार कायद्याचं कलम 2(ञ) हाताशी ठेवा. माहिती संगणकात साठवलेली असेल तर ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा हक्क त्यात थेट दिलेला आहे. कायदा 2005 चा असल्याने फ्लॉपी, व्हिडिओ कॅसेट असे शब्द येतात, पण पुढे ‘इतर कोणत्याही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने’ असंही आहे. समोरून कलम 7(9) येऊ शकतं: मागितलेल्या स्वरूपात माहिती देताना साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्च होणार असेल तर ते स्वरूप नाकारता येतं. माहिती नाकारता येत नाही, हे विसरू नका. आणि तयार फाईल कॉपी करण्यापेक्षा नऊशे पानांची झेरॉक्स काढण्यात किती मनुष्यबळ जातं, हा प्रश्न त्यांनाच विचारा. मी विचारला. उत्तर आलं नाही.

मग पहिलं अपील. जोडपत्र ‘ब’, वीस रुपयांचा स्टॅम्प, नकार मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत. ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे जातं, म्हणून अनेक जण ‘काय उपयोग’ म्हणून सोडून देतात. सोडू नका. निर्णय तीस दिवसांत, लेखी कारणं देऊन फार तर पंचेचाळीस दिवसांत द्यावा लागतो. आमच्या सुनावणीची तारीख आली, मी पोहोचले, आणि कळलं की साहेब बैठकीला गेलेत. पुढची तारीख. त्या कॉरिडॉरमध्ये बसून मी भिंतीवरची नागरिकांची सनद पाठ होईपर्यंत वाचली.

सुनावणी झाली तेव्हा मी लांबलचक काही बोलले नाही. अर्ध्या पानावर तीनच गोष्टी छापून नेल्या होत्या: कलम 9 चा मजकूर, कलम 28 चा मजकूर आणि अहवालाच्या मुखपृष्ठामागच्या पानाचा फोटो, ज्यावर प्रकाशनाचं वर्ष आणि शासकीय मुद्रणालयाचं नाव होतं. अपिलीय अधिकाऱ्यांनी चष्मा लावून कलम 9 वाचलं, परत वाचलं, आणि जन माहिती अधिकाऱ्यांकडे कागद सरकवून विचारलं, “यात राज्य सोडून दुसरं कोण आहे?” ते म्हणाले, “सर, कुणी नाही, पण आजवर आपण असंच उत्तर देत आलोय.” नकार कसा योग्य आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम 19(5) प्रमाणे त्यांच्यावर असते, माझ्यावर नाही. तिथे सिद्ध करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आदेश माझ्या बाजूने लागला: मूळ स्कॅन प्रत, वॉटरमार्क नसलेली, सीडीवर.

त्या दिवशी जिना उतरताना मला फार अभिमान वाटला, आणि तो मी लपवणार नाही. साध्या नागरिकाने वकिलाविना, वीस रुपयांच्या स्टॅम्पवर मिळवलेला आदेश होता तो.

सीडीचा किस्सा थोडक्यात. पेनड्राइव्ह चालत नाही, व्हायरसची भीती, म्हणून सीडी मीच आणून दिली. घरी लावली तर मजकूर कॉपी करायला बंदी घातलेली फाईल! पुन्हा आदेशाचा क्रमांक टाकून पत्र, मग खुली फाईल. आता अहवालाचं ओसीआर (पानांच्या चित्रांतून अक्षरं ओळखून मजकूर तयार करणं) झालं आहे, तक्ते आम्ही वाटून घेऊन आकड्याला आकडा लावून तपासले, आणि सगळा मजकूर इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात ठेवला आहे. भावाने पहिला भाग ऐकून संपवला. दुसऱ्या भागातल्या एका तक्त्यात आम्ही दोन रकाने उलटे लावलेले त्यानेच पकडले.

खासदारांची भेट लवकर मिळाली, त्यांच्या सहायकाने निवेदन नीट वाचून घेतलं. इथे एक सांगायला हवं: बरेच जण अशी निवेदनं आमदारांना देतात. कॉपीराइट हा संघसूचीतला विषय आहे, नोंद 49. विधानसभेला त्यात काही करता येत नाही. 2016 पासून हा विषय केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाकडे आहे, तिथे उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभाग तो बघतो, आधी मनुष्यबळ विकास मंत्रालय बघायचं. त्यामुळे खासदार, आणि निवेदनाची प्रत त्या विभागाला. आमदारांकडे जायचं ते राज्याच्या कार्यालयांनी माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 खाली आपण होऊन जुनी प्रकाशनं खुल्या स्वरूपात टाकावीत, या मागणीसाठी.

आमच्या मागण्या दोन. पहिली, शासकीय कृतींवर कॉपीराइटच नको. अमेरिकेत संघीय सरकारच्या कामांवर तो नसतो, तिथल्या कायद्याच्या कलम 105 मध्येच तसं आहे, आणि त्यामुळे काही कोसळलेलं नाही. दुसरी, मुदत यापुढे वाढवू नका आणि जमलं तर मागे आणा. लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं ही मुदत आपल्याकडे साठ झाली ती 1992 च्या दुरुस्तीने. रवींद्रनाथ टागोर 1941 मध्ये गेले, 1991 संपताना त्यांचं साहित्य मुक्त होणार होतं, ते लांबवण्यासाठी देशातल्या प्रत्येक लेखकाच्या साहित्याला दहा वर्षं जास्त कुलूप लागलं. कॉपीराइटवरच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारालाही पन्नासच पुरतात. सहायकाने या मुद्द्यावर अतारांकित (लेखी उत्तराचा) प्रश्न लावून बघू असं सांगितलं आहे. मी दर अधिवेशनाआधी फोन करणार आहे, आणि तुम्हीही आपापल्या खासदारांना करा. एकट्या मतदारसंघातून आलेला प्रश्न सहज बाजूला पडतो.

आठवलं म्हणून: प्रतीसाठी अर्ज करण्याआधी कलम 2(ञ) खाली पाहणी मागून संगणकात नेमकं काय आहे ते बघून या. ‘मूळ’ नावाचं फोल्डर मी पाहिलं नसतं तर त्यांनी मला वॉटरमार्कवालीच फाईल दिली असती आणि मला ते कळलंही नसतं. पाहून आल्यावर अर्जात फोल्डरचं नाव लिहा.

पहिल्या अपिलातही नकार आला तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, जोडपत्र ‘क’. तिथे वेळ लागतो, तरी करा. आणि अहवालात खासगी छायाचित्रकाराचे फोटो किंवा बाहेरच्या लेखकाचं परिशिष्ट असेल तर तेवढा भाग वेगळा ठेवून बाकीचं मागा. कलम 10 त्यासाठीच आहे.

1964 साली छापलेली शासकीय प्रकाशनं 1 जानेवारी 2025 पासून मोकळी झाली आहेत. आम्ही त्या वर्षीच्या अहवालांची यादी करतो आहोत. तुमच्या जवळच्या जुन्या ग्रंथालयात असं काही दिसलं, तर मुखपृष्ठामागच्या पानाचा फोटो काढून ठेवा. प्रकाशक आणि वर्ष दिसलं पाहिजे. अर्जाचा मसुदा मी देईन.