निओपॅन गेली, एचपी फाइव्ह आहे

कॅमेऱ्यात घालायची आवडती फिल्म, म्हणजे रोल, कुठला असं कुणी विचारलं की माझ्या तोंडातून अजूनही आधी निओपॅन ४०० हेच निघतं, आणि समोर नव्याने फिल्मच्या नादाला लागलेला पोरगा असेल तर तो लगेच मोबाईल काढून बघायला लागतो, कुठे मिळते, केवढ्याला पडते, मग त्याला सांगावं लागतं की बाबा रे, फुजी या जपानी कंपनीने ती २०१३ च्या सुमाराला बंद केली, तू तेव्हा चड्डीत शाळेत जात असशील.

काय होतं तिच्यात? खरं सांगायचं तर फार काही नाही. ब्लॅक अँड व्हाइट, ४०० स्पीड म्हणजे कमी उजेडातही चालणारी, ग्रेन म्हणजे फोटोतला दाणा कोडॅकच्या ट्राय-एक्स फिल्मपेक्षा जरा बारीक, आणि डी-७६ या डेव्हलपरमध्ये, म्हणजे धुण्याच्या रसायनात, धुतली की जो मधला करडा यायचा ना तो मला पाहिजे तसा यायचा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये उजेड कसा असतो, दिवसभर वर ढगांचं झाकण, सावली म्हणून नाहीच कुठे, अशा उजेडात बऱ्याच फिल्म नुसता राखाडी काला करतात. निओपॅनवर ओला डांबरी रस्ता काळा यायचा आणि त्याच्यावरचं पाणी पांढरं यायचं, बस एवढंच. पण त्या एवढ्यासाठी मी वर्षानुवर्षं तीच वापरली, आणि वापरून वापरून असं झालं की उजेड मोजायचा मीटर न बघता कळायचं, जिन्याखाली केवढं एक्स्पोजर लागेल, एसटी स्टँडच्या पत्र्याखाली केवढं लागेल, कुणाच्या मागे खिडकी असली तर किती सोडायचं. फिल्म बंद होते तेव्हा डबा दुकानातून जातो ते ठीक आहे, पण हे जे डोक्यात बसलेलं असतं ते एकदम बिनकामाचं होतं आणि त्याचा राग जास्त येतो.

माझ्या मामाचा स्टुडिओ होता, त्याला असला राग कधी आलेला बघितला नाही. त्याच्याकडे सगळं इंदू. नवीन लोकांना माहीत नसेल पण आपल्या देशात फिल्म बनायची, हिंदुस्तान फोटो फिल्म्स म्हणून सरकारी कंपनी, १९६० साली स्थापन झाली, कारखाना उटीला, फ्रेंच कंपनीचं तंत्रज्ञान घेऊन उभा केलेला, साठीच्या दशकाच्या शेवटाकडे माल बाहेर यायला लागला. इंदू नावाने रोल, फोटो छापायचा ब्रोमाइड पेपर आणि दवाखान्यांसाठी एक्स-रे फिल्म. शाळेच्या दाखल्यावरचे, नोकरीच्या अर्जावरचे, लग्नाच्या स्थळाबरोबर पाठवायचे किती फोटो त्या पेपरवर निघाले असतील त्याला गणती नाही. बाहेरच्या मालावर कस्टम ड्युटी भरमसाठ, त्यामुळे गावाकडच्या स्टुडिओवाल्याला पर्याय तरी काय होता. मामा पेन्सिलीने निगेटिव्हवर रिटचिंग करायचा, नवरीच्या गालावरचा देवीचा वण घालवायचा, आणि म्हणायचा इंदूवर पेन्सिल चांगली धरते. मग रंगीत आलं, मामाने काउंटरवर कोडॅकचे पिवळे डबे लावले आणि विषय संपला. मी एकदा विचारलं होतं, मामा तुला इंदूची आठवण येत नाही का, तर म्हणाला, "आठवण कसली रे, गिऱ्हाइकाला रंग पाहिजेत." कंपनी पुढे आजारी पडली, मग कायमची बंद झाली. तिकडे कामगारांच्या घरांवर काय वेळ आली असेल ते वेगळं, आपण आपलं ग्रेनबद्दल रडतोय.

आमच्यासारख्यांना धंदा नव्हता म्हणून रडायला वेळ होता असं म्हणा हवं तर.

पण रडण्यातसुद्धा काहीतरी हिशोब पाहिजे. फिल्म बंद का होते हे जरा समजून घेतलं की अर्धा राग जातो, निदान माझा तरी गेला. आधी मलापण वाटायचं की कुणीतरी कोट घातलेला माणूस मीटिंगमध्ये बसून माझी निओपॅन कापतोय. असं नसतं. फिल्म बनते ती मोठ्या रुंद पट्ट्यावर, कोटिंगचं मशीन एकदा चालू केलं की हजारो फूट एका दमात निघतात, थोडीशी करून द्या असं म्हणता येत नाही. आणि केलेला माल एक्स्पायरीच्या आत खपला पाहिजे. आता ही मशीनं आपल्या ३६ फोटोंच्या रोलवर चालत नव्हतीच, ती चालायची सिनेमावर. ३५ एमएम फिल्म प्रोजेक्टरमधून मिनिटाला ९० फूट जाते, म्हणजे आपल्या अडीच तासांच्या पिक्चरच्या एका प्रिंटला साडेतेरा हजार फूट झाली, चार किलोमीटरच्या वर. ३६ चा रोल दीड मीटरच्या थोडा पुढे. म्हणजे एका पिक्चरची एक प्रिंट म्हणजे आपले अडीच हजार रोल, आणि मोठ्या हिंदी पिक्चरच्या शेकड्यांनी प्रिंट निघायच्या! सिनेमागृहं डिजिटल झाली आणि हे सगळं काही वर्षांत गेलं. कोडॅकच्या सिनेमाच्या फिल्मची विक्री २००६ ते २०१४ मध्ये ९६ टक्क्यांनी घसरली. फुजीने तर २०१३ मध्ये सिनेमाच्या शूटिंगची फिल्म बनवणंच थांबवलं. कोडॅकचं मशीन चालू राहिलं ते हॉलिवूडचे स्टुडिओ दरवर्षी ठराविक माल घ्यायला तयार झाले म्हणून, त्याच्यामागे नोलन, टॅरँटिनो वगैरे दिग्दर्शक मंडळी लागली होती. आज मी जो कोडॅकचा रोल घालतो तो त्यांच्या कृपेने. माझ्या पाच-दहा रोलने काय होणार होतं.

शिवाय कधीकधी कारण अगदीच भलतं निघतं. फुजीने प्रो ४००एच ही रंगीत फिल्म २०२१ मध्ये बंद केली तेव्हा सांगितलं की कच्चा माल मिळवणं अवघड झालंय, त्या फिल्ममध्ये रंगाचा एक चौथा थर होता. त्याच वर्षी अमेरिकेत फुजीचीच व्हेल्विया १०० ही स्लाइड फिल्म थांबली, कारण तिच्यात अगदी नखभर असलेल्या एका रसायनावर तिथल्या पर्यावरण खात्याने बंदी आणली.

आता साठवून ठेवण्याबद्दल. आमच्या ग्रुपमध्ये एकजण आहे, त्याला आपण बंड्या म्हणू, त्याच्या फ्रीजमध्ये भाजीला जागा नाही. फ्रीझरमध्ये व्हेल्विया ५०, खाली प्रोव्हिया ४००एक्स, दारात निओपॅन १६०० आणि एका डब्यात चक्क दोन कोडाक्रोम ६४. वहिनी कोथिंबीर ठेवायला गेल्या तर हा ओरडतो. मी त्याला म्हणतो अरे काढ ना फोटो, तर म्हणतो, "तशी जागा, तसा उजेड मिळाला की." कास पठारावर गेलो तरी उजेड मिळत नाही त्याला, नुसतं डिजिटलवर चेक करतो आणि रोल परत फ्रीझरमध्ये.

कोडाक्रोमचं मी त्याला बरेचदा सांगून बघितलं. ती १९३५ ची फिल्म, शोध लावणारे दोघे, मॅन्स आणि गोडोव्स्की, मुळात संगीतातले लोक. बाकीच्या रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारं रसायन फिल्मच्या थरातच असतं, हिच्यात ते नव्हतंच, ते धुताना डेव्हलपरमधून यायचं, एकेका थराला वेगळं डेव्हलपर. त्यामुळे स्लाइडवरचे, म्हणजे फिल्मवरच दिसणाऱ्या सरळ चित्रातले, रंग टिकायचे जबरदस्त, पण घरच्या बाथरूममध्ये धुण्याचा प्रश्नच नाही, मोठी लॅब आणि केमिस्ट पाहिजे. २००९ च्या जूनमध्ये कोडॅकने बंद जाहीर केली. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल फोटोग्राफर स्टीव्ह मॅकरीला मिळाला, त्या ३६ फ्रेममधल्या काही आपल्या मुंबईत काढल्यात, आमिर खान आहे, अमिताभ आहे, आणि मग राजस्थानातले रबारी जमातीचे लोक. तो रोल अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स नावाच्या गावात ड्वेन्स फोटो या लॅबमध्ये धुतला, आणि त्याच लॅबने ३० डिसेंबर २०१० नंतर कोडाक्रोम घेणं बंद केलं. जगातली ती शेवटची. म्हणजे बंड्याच्या फ्रीजमधले दोन रोल कितीही थंड राहिले तरी रंगीत निघणार नाहीत, धुतले तर ब्लॅक अँड व्हाइट. हे त्याला माहीत आहे. तरी आहेत ते आहेत.

आणि थंडीने सगळं टिकतं असंही नाही. कमी स्पीडची ब्लॅक अँड व्हाइट वर्षानुवर्षं चांगली राहते, खरंय. पण आभाळातून आणि जमिनीतून जे थोडंथोडं रेडिएशन येत असतं ते फ्रीझरला विचारून येत नाही, जास्त स्पीडच्या फिल्मला त्याने फॉग येतो, सगळी धुरकट होते. त्याची ती निओपॅन १६०० आता उघडली तर खिचडीच निघणार असा माझा अंदाज.

व्हेल्वियाबद्दल मात्र मी त्याच्याशी भांडत नाही. पावसाळ्यातला सह्याद्री व्हेल्विया ५० वर बघितला नसेल तर तो हिरवा सांगून कळायचा नाही, लाइटबॉक्सवर स्लाइड ठेवली की माणूस गप्प होतो. एक्स्पोजर अर्धा स्टॉप, म्हणजे अगदी थोडं, चुकलं की गेली, धुणारी ई-६ ची, म्हणजे स्लाइड धुण्याच्या प्रोसेसची, लॅब शोधत फिरा, रोल साठेपर्यंत ते बॅच लावत नाहीत, सगळं मान्य. फुजीने ती एकदा बंद करून २००७ मध्ये परत आणली होती, म्हणून बंड्याला आशा असते की जे जे गेलं ते परत येईल. आणि त्याला उदाहरणं मिळतात ना. कोडॅकने २०१२ मध्ये एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म बंद केली, २०१७ च्या सुरुवातीला परत आणतो म्हणाले आणि प्रत्यक्ष दुकानात यायला २०१८ चा सप्टेंबर उजाडला कारण जुनी रसायनं मिळत नव्हती, फॉर्म्युला नव्याने जुळवावा लागला. त्यांचीच ब्लॅक अँड व्हाइट टी-मॅक्स पी३२०० सुद्धा गेली आणि २०१८ मध्ये आली. त्याच वर्षी फुजीने स्वतःची ब्लॅक अँड व्हाइट अ‍ॅक्रॉस १०० बंद केली, पुढच्या वर्षी अ‍ॅक्रॉस टू म्हणून आणली, डब्यावर बघितलं तर मेड इन यूके. जुन्या अ‍ॅक्रॉसचं एक होतं, रात्री दोन मिनिटांपर्यंत शटर उघडं ठेवलं तरी एक्स्पोजर वाढवायचा हिशोब करावा लागायचा नाही, किल्ल्यावर रात्र काढणाऱ्यांना सोन्यासारखी. नवीनसुद्धा तशीच आहे म्हणतात, मी एखाददुसरा रोल वापरला, चांगली आहे, पण या भावात रात्री झोपलेलं बरं.

सगळ्यात गंमत म्हणजे फिल्म बंद करणारी हीच फुजी स्वतःच्या डिजिटल कॅमेऱ्यात व्हेल्विया आणि अ‍ॅक्रॉस या नावाचे मोड देते. बटण दाबा, अ‍ॅक्रॉस. मी वाईट म्हणणार नाही, मोड छान आहेत, भाच्याच्या मुंजीत मीच वापरले. पण दुकानातून पाटी काढून कॅमेऱ्याच्या मेनूत लावली की माल तोच राहतो असं नाही ना. आणि आता फुजीच्या हिरव्या डब्यातल्या साध्या २०० वरसुद्धा मेड इन यूएसए लिहिलेलं येतं, ती आतून कोडॅकच आहे असं सगळे म्हणतात. ज्यांनी आयुष्यभर फुजी का कोडॅक म्हणून वाद घातले त्यांनी आता काय करायचं?

माझं मी काय केलं ते सांगतो. निओपॅन बंद झाल्याचं कळलं तेव्हा मुंबईत बोरा बाजारात आणि इकडे तिकडे जेवढे रोल मिळाले तेवढे घेतले, आणि सगळे वापरून टाकले. मुद्दाम. कुठल्याही खास गोष्टीवर नाही, सोसायटीचा गेट, रिक्षावाले, इस्त्रीवाला, आईची दुपारची झोप, खालचं पंक्चरचं दुकान. बंड्या म्हणाला दोन तरी ठेव रे, मी म्हटलं कशाला, ती फिल्म याच्यासाठीच होती. आज त्या दुकानाच्या जागी मोबाईलचं शोरूम आहे आणि माझ्याकडे निगेटिव्ह आहे.

मग सहा-आठ महिने नुसती चाचपडत गेली. ट्राय-एक्स चांगली पण महाग, आणि माझ्या हाताला जरा रांगडी वाटली. चेक प्रजासत्ताकातली फोमा ४०० स्वस्त, पण ४०० म्हणून वापरली की सावल्या गायब, तिला २०० समजूनच वापरावी लागते. सिनेमाची कोडॅक व्हिजन थ्री कापून डब्यात भरून विकतात ती पण केली, तिच्या पाठीवर तेव्हा काळा थर असायचा, तो धुताना हात काळे व्हायचे, सिंक काळं व्हायचं आणि घरात बोलणी बसायची. शेवटी इलफर्ड कंपनीच्या एचपी फाइव्ह या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर आलो. सुरुवातीला एकदम मवाळ वाटली, मुळमुळीत. पण डेव्हलपिंग थोडं वाढवलं, एक्स्पोजर कसं द्यायचं ते परत शिकलो आणि आता ओला रस्ता परत काळा येतो. निओपॅनसारखा नाही, वेगळा काळा, पण येतो.

एचपी फाइव्ह निवडताना एक गोष्ट मी धरली होती, आणि ही नवीन पोरांनापण सांगतो. इलफर्डपण २००४ मध्ये बुडायला आली होती, तिथल्याच मॅनेजर लोकांनी ब्लॅक अँड व्हाइटचा धंदा विकत घेऊन हार्मन नावाने चालू ठेवला, इंग्लंडमध्ये मोबर्लीला. त्यांचं पोटच याच्यावर आहे. फुजीला फिल्म बंद केली तरी औषधं आहेत, मशिनरी आहे, लगेच फोटो देणारे इन्स्टॅक्स कॅमेरे आहेत. ज्याचं पोट फिल्मवर आहे त्याची फिल्म घ्यावी, आणि शक्यतो अशी की जी घरी धुता येईल. डी-७६ ची पावडर गुंडाळली गेली तरी फॉर्म्युला सगळ्यांना माहीत आहे, रसायनं आणून घरी बनवता येतं. रोडिनल हे डेव्हलपर तर १८९१ सालचं, आग्फा बुडाली तरी दुसरे लोक बनवतायत. मे महिन्यात नळाचं पाणी तिशीच्या वर असतं तेव्हा बर्फ घालून २० वर आणावं लागतं एवढाच त्रास, त्यासाठी वहिनींच्या फ्रीझरमध्ये मात्र जागा मागता येत नाही.

परवा बंड्याचा फोन आला होता, कुणीतरी निओपॅन ४०० चा सीलबंद ब्रिक, म्हणजे रोलचा गठ्ठा, विकतंय, एक्स्पायरी २०१४, भाव ऐकून मी हसलो. तो म्हणाला तुझ्यासाठी विचारलं. मी म्हटलं तेवढ्यात एचपी फाइव्हचा शंभर फुटी डबा येईल, अठरा-एक रोल निघतील, उरले तर तुला देतो. तर म्हणतो कसा, दे, फ्रीजमध्ये ठेवतो.