पगार नाही तं जाते कायले?

नागपूरला सुट्टीवर आलो की दोन दिवसांच्या आत हा विषय निघतोच. कधी मामा काढतात, कधी धरमपेठेत तर्री पोहे खाता खाता शाळेतला दोस्त काढतो, की हे जे तू युरोपभर भाषणं देत फिरून राहिला त्याचे पैसे कोण देते बे? मी सांगतो, कोणीच नाही. मग मामा चष्मा काढून बघतात, "पगार नाही तं जाते कायले रे बाप्पा?" तिकडे आईने शोकेसमध्ये मला मिळालेली मायक्रोसॉफ्टची काचेची ट्रॉफी ठेवलीय, त्यावर दरवर्षी त्या सालाची एक नवीन चकती चढते, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते की पोरगा मायक्रोसॉफ्टमध्ये आहे. पोरगा मायक्रोसॉफ्टमध्ये नाही. उलट उद्या तिथे नोकरी लागली तर ही चकती मिळणं बंद होईल, कारण एमव्हीपी, म्हणजे मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल, हा मानच कंपनीच्या बाहेरच्या लोकांसाठी आहे.

तर एकदाचं लिहूनच टाकतो.

मी बर्लिनमध्ये एका साध्या कंपनीत डेटाबेसचं काम करतो, पोट त्याच्यावर चालतं. एमव्हीपी हे त्याच्या बाहेरचं, संध्याकाळी आणि शनिवारी करायचं. मायक्रोसॉफ्टने हे १९९३ मध्ये सुरू केलं, जे लोक आपल्या हौसेने दुसऱ्यांच्या अडचणी सोडवतात, लिहितात, शिकवतात, त्यांना वर्षभरासाठी एक मान द्यायचा. आता सगळ्यांकडेच असं काही ना काही आहे, गूगलचे डेव्हलपर एक्स्पर्ट, ॲमेझॉनचे एडब्ल्यूएस हिरो, डॉकरचे तर चक्क कॅप्टन. बदल्यात सॉफ्टवेअरची सबस्क्रिप्शन मिळते, थोडं क्लाउड क्रेडिट (कंपनीचे सर्व्हर इंटरनेटवरून फुकट वापरायची सोय) मिळतं आणि प्रॉडक्ट बनवणाऱ्या टीमशी थेट बोलता येतं, पण त्यासाठी आधी एनडीए हा गुप्ततेचा करार, म्हणजे तिथे ऐकलेलं बायकोलाही सांगायचं नाही (तिला ऐकायचंही नसतं). आणि हे कायमचं नाही बरं का. दरवर्षी मागच्या बारा महिन्यांत काय केलं त्याचा हिशोब भरायचा आणि जुलैमध्ये मेल येते की नाही ते बघत बसायचं. दहा वर्षं जुना माणूसही यातून सुटत नाही.

भाषणं मुख्यतः शनिवारी. आमच्या लाइनीत एसक्यूएल सॅटर्डे म्हणून एक प्रकार आहे (एसक्यूएल ही डेटाबेसशी बोलायची भाषा), २००७ मध्ये अमेरिकेत ओरलँडोला पहिला झाला आणि मग जगभर पसरला, युरोपात आता डेटा सॅटर्डे या नावानेही होतात. येणाऱ्यांना फुकट. हॉल आणि जेवणाचा खर्च स्पॉन्सर उचलतात, आयोजक सगळे नोकरी सांभाळून राबणारे, आणि स्पीकर आपल्या खर्चाने येतो. मिळतं काय, तर शुक्रवारी रात्री सगळ्या स्पीकरांचं एकत्र जेवण आणि एक टी-शर्ट. माझ्याकडे टी-शर्ट इतके झालेत की बायको त्यांनी फरशी पुसते. मोठ्या, तिकीटवाल्या कॉन्फरन्समध्ये कधी हॉटेल मिळतं, कधी प्रवास मिळतो, पण तिथे निवड होणं म्हणजे लॉटरी, शेकडो अर्ज आणि जागा मोजक्या.

लोकांना फोटो दिसतात ना, आज व्हिएन्ना, पुढच्या महिन्यात लिस्बन. त्या फोटोंवर जाऊ नका. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर ट्रेन पकडायची, स्लाइड गाडीतच दुरुस्त करायच्या, शनिवारी सकाळी साडेआठला कुठल्यातरी कॉलेजच्या खोलीत एचडीएमआयची वायर लागते का बघायचं आणि रविवारी परत. ब्रुसेल्सला जाताना कोलोनला गाडी बदलतो, स्टेशनच्या बाहेर पाय टाकला की समोर ते अवाढव्य कॅथेड्रल, मान वर करून बघितलं, एक कॉफी घेतली, झालं माझं कोलोन. आत कधी गेलो नाही.

आता सांगण्यासारखी गोष्ट, म्हणजे माझा डेमो. विषय असा की तीच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, सकाळी भर्रकन चालते आणि दुपारी तीच रडते, कोणी काहीच बदललेलं नसताना. होतं काय, एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, पहिल्यांदा जी व्हॅल्यू येईल तिच्या मापाने माहिती कशी शोधायची त्याचा प्लॅन बनवतो आणि जपून ठेवतो, नंतर येणाऱ्या सगळ्यांना तोच, म्हणजे टेलरने पहिल्या गिऱ्हाइकाचं माप घेतलं आणि दिवसभर सगळ्यांना त्याच मापाचे शर्ट शिवले. माझ्या डेमोच्या टेबलमध्ये ऑर्डरी आहेत आणि शहराचा कॉलम आहे. नागपूरच्या लाखो ओळी, शेजारच्या लहानशा काटोलच्या जेमतेम चाळीस. आधी काटोल विचारलं की इंडेक्सवरून, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारख्या यादीवरून, चाळीस ओळी उचलून आणतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग नागपूर विचारलं की तोच प्लॅन घेऊन लाखो ओळी एकेक करून उचलायला जातो आणि स्क्रीनवर आकडा फिरतच राहतो. इथे मी मुद्दाम गप्प बसतो. हॉलमध्ये पहिल्या रांगेतले लोक हसायला लागतात कारण त्यांच्या ऑफिसात सोमवारीच हे झालेलं असतं. मग एखादा पोलिश नाहीतर डच माणूस विचारतो, "हे का-टोल, फार लहान आहे का?" आणि मी त्याला काटोलच्या संत्र्यांबद्दल सांगतो. काटोलची इतकी पब्लिसिटी तिथल्या आमदारानेही युरोपात केली नसेल.

पण हा डेमो एकदा बनवला आणि जन्मभर पुरला असं होत नाही. २०२२ च्या व्हर्जनमध्ये मायक्रोसॉफ्टने नेमकी हीच अडचण सोडवायची सोय टाकली, आता तो काही क्वेरींसाठी एकापेक्षा जास्त प्लॅन ठेवू शकतो. लोकांसाठी चांगलंच झालं, पण मला डेमो नव्याने लिहावा लागला, कुठे सोय लागू पडते, कुठे पडत नाही, सगळं तपासून. पंचेचाळीस मिनिटांच्या भाषणामागे अशा कित्येक संध्याकाळी जातात आणि माझ्या मते एक्स्पर्ट लोकांचा खरा वेळ तिथेच खर्च होतो, स्टेजवर नाही.

जर्मनीत सुरुवातीला एका विद्यापीठाच्या वर्गात बोललो तेव्हा शेवटी टाळ्या वाजल्याच नाहीत, सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी बाकं ठोकायला सुरुवात केली. मला वाटलं, झालं, आपल्याकडे बाकं वाजवतात ती मास्तरला पळवायला. नंतर कळलं की इथल्या वर्गांमध्ये दाद देतात ती अशीच.

भाषणापेक्षा जास्त मजा बाहेर, व्हरांड्यात. कॉफीचा कप घेऊन उभं राहायचं, कोणीतरी लॅपटॉप उघडून येतो आणि म्हणतो हे जरा बघ. तिथे झालेल्या ओळखी टिकतात. माझं काही अडलं तर रात्री मेसेज टाकायला तीन-चार देशांत माणसं आहेत, आणि त्यांचं अडलं की मी आहे. मामांना मी हे सांगतो तर ते म्हणतात, "हे तं आपल्या चौकातबी होते." होते ना.

त्रास म्हणाल तर पासपोर्टचा. जर्मनीत राहायचा परवाना आहे म्हणून शेंगेन देशांत मोकळा फिरतो, पण इंग्लंडला जायचं तर वेगळा व्हिसा, वेगळी फी, बोटांचे ठसे, बँकेची कागदपत्रं, आणि निकाल येईपर्यंत पासपोर्ट तिकडे अडकलेला, म्हणजे मधली दुसरी ट्रिपही गेली. माझ्याच सेशनमधला जर्मन सहकारी आदल्या रात्री तिकीट काढून येतो. तो चांगला माणूस आहे, त्याची चूक नाही, पण राग येतो तो येतो.

गेल्या डिसेंबरात नागपूरला एका कॉलेजात बोललो. एक सल्ला, हिवाळी अधिवेशनाच्या आठवड्यात शहरात कुठलाही कार्यक्रम ठेवू नका. सिव्हिल लाइन्सकडे बॅरिकेड, बर्डीवर मोर्चे, अर्धी पोट्टी तासभर उशिरा आली. काटोल-नागपूरवाला डेमो तिथे तर काय चालला, पहिल्यांदाच कोणाला काटोल समजावून सांगावं लागलं नाही. शेवटी विचारलं, काही प्रश्न? एकही हात वर नाही. सरांनी आभार मानले, माइक बंद झाला, आणि मग जी गर्दी स्टेजवर चढली ती कॉलेजचा शिपाई दिवे घालवायला येईपर्यंत हलली नाही. प्रश्न एक नंबर होते. हेच हॉलमध्ये विचारले असते तर मागच्या रांगेलाही मिळाले असते, एवढीच माझी तक्रार.

सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न, सर, बाहेर जावंच लागते का? नाही लागत. बहुतेक कम्युनिटी कार्यक्रमांत बोलायचे अर्ज सेशनाइझ नावाच्या वेबसाइटवर भरायचे असतात, त्यात विषयाचं नाव, दोन परिच्छेद सारांश आणि थोडी स्वतःची ओळख एवढंच. कॉलेज कोणतं, टक्के किती, हे कोणी विचारत नाही. ऑनलाइनही होतात, हिवाळ्यात नागपूरला रात्रीचे आठ म्हणजे बर्लिनला दुपारचे साडेतीन, अगदी सोयीची वेळ.

त्या गर्दीतल्या एका मुलीने नंतर मला सारांश पाठवला. तिच्या कॉलेजच्या हजेरीची सिस्टीम परीक्षेच्या दिवशीच का झोपते आणि त्याचं कारण तिने कसं शोधून काढलं, असा विषय. विषय झकास, पण सुरुवातीला डेटाबेस म्हणजे काय, इंडेक्स म्हणजे काय, पुस्तकातल्या व्याख्याच व्याख्या. मी कळवलं, हे सगळं उडव. तिचं उत्तर आलं, "सर, मंग उरते काय?" उरली चार वाक्यं, आणि चारही तिच्या कॉलेजच्या हजेरीबद्दल. तीच भरली तिने. निकाल पुढच्या महिन्यात आहे.