खाडी अरुंद होते तिथे ठाणे

ठाण्याहून वाशीच्या लोकलमध्ये बसलं की दोन मिनिटांत खाडी येते आणि जाते. खिडकीजवळचा माणूस एकदा मान वर करतो, नाकाला रुमाल लावतो आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. आम्हा ठाणेकरांचा खाडीशी संबंध हल्ली एवढाच उरलाय. हे शहर नेमकं इथेच का वसलं, याचं उत्तर मात्र त्याच दोन मिनिटांत आहे. पुलावरून ते दिसत नाही, पाण्यात उतरावं लागतं. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस भल्या पहाटे ऐरोली गाठली. सोबत मामेभाऊ आणि त्याची चौथीतली लेक.

ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन (मॅन्ग्रोव्ह) कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोट सुटते. ती सुटते भरती-ओहोटी बघून, त्यामुळे इथे मोबाइलपेक्षा भिंतीवरचं कालनिर्णय जास्त कामाचं. कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. त्या दिवशी द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नऊच्या सुमारास पाणी भरणार. बोट सातला निघाली. चालवणारे काका दिवा कोळीवाड्यातले. म्हणाले, "आता पानी बोटीला पुरतंय आन चिखल पन उघडा हाय. नवाला आलात तं नुसतं पानी बघाल, पक्षी न्हाय." पुतणीने लगेच बोटांवर अष्टमीचा हिशेब केला, सहा आला. काकांनी मान डोलावली.

बोट निघाली की दोन्ही अंगांना तिवरांची भिंत लागते. ठाण्याच्या खाडीत कांदळवन म्हणजे मुख्यतः तिवरच. कारखान्यांचं आणि गटाराचं पाणी सोसून टिकणारं झाड. काकांनी बोट काठाशी घेतली तेव्हा एक फांदी हाताशी आली. पानावर पांढरट चुरा दिसत होता. बोटाने पुसून जिभेला लावला, तर चक्क मीठ. मुळांतून आत आलेलं जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं. खाली चिखलातून पेन्सिलीएवढी टोकं शेकड्यांनी वर आलेली. ती श्वसनमुळं. या चिखलात हवा शिरत नाही, म्हणून मुळं श्वास घ्यायला वर येतात. त्यांच्यामधून निवट्या सरपटत होत्या. मासा असून पुढच्या परांवर रेटा देत चिखलातून चालते, डोळे डोक्याच्या वर, आणि एकमेकींवर धावून जाताना पाठीचा पर ताठ उभा करते. पुतणीला फ्लेमिंगोंपेक्षा निवटीच जास्त आवडली. तिचं कालवण किती झकास होतं हे काकांनी सांगितलं, तेव्हा मात्र तिचं तोंड उतरलं.

फ्लेमिंगो दिसले, भरपूर दिसले. त्यांचे फोटो सगळीकडे आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. हिवाळ्याच्या तोंडावर येतात, पावसाआधी जातात. यात धाकटी जात आणि थोरली जात असे दोन्ही असतात. धाकट्यांचं खाणं म्हणजे मुख्यतः पाण्यातलं बारीक शेवाळ. हे शेवाळ माजतं ते सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर, त्यामुळे आपल्या घाणीचाही या गुलाबी देखाव्यात वाटा आहे. २०१५ साली खाडीचं १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. त्याआधी २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं. कागदावर खाडीचे दिवस बरे आहेत. काकांच्या जाळ्यात मात्र पूर्वीच्या मानाने फार थोडं येतं, आणि येतं त्यात प्लास्टिक असतं.

बोटीतून मला बघायचे होते ते डोंगर. पूर्वेला पारसिकची रांग, पश्चिमेला येऊर आणि त्यामागचं राष्ट्रीय उद्यान, मध्ये ही खाडी. दोन्हीकडचा दगड एकच: साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतल्या गेलेल्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट. घाटावर हे थर आडवे दिसतात. इथे, किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात, ते पश्चिमेकडे कललेले आहेत. भूशास्त्रज्ञ या वाकलेल्या पट्ट्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. एकदा कळलं की मुंब्र्याच्या डोंगराकडे नुसतं बघवत नाही, डोकं आपोआप तिरकं होतं. जमिनीतल्या भेगांमधून वज्रेश्वरी-गणेशपुरीला गरम पाणी वर येतं. पारसिकच्या पोटाला मात्र खाणींनी जागोजागी पोखरलंय. आपल्या इमारतींची खडी इथूनच आली आणि रेती आली मुंब्र्याच्या रेतीबंदरावरून. ती काढणारे डुबीवाले श्वास रोखून खाडीच्या तळाशी बुडी मारायचे आणि बादली भरून वर यायचे. पुढे सक्शन पंप आले आणि खाडीचा तळच उपसला जाऊ लागला.

पाण्याची रचना जरा समजून घ्यायला हवी. राजमाचीच्या बाजूला उगम पावणारी उल्हास नदी कल्याणवरून ठाण्याजवळ येते आणि तिचा मुख्य प्रवाह वायव्येला वळून घोडबंदरवरून वसईच्या खाडीत जातो. दक्षिणेकडे मुंबई बंदरापर्यंत पसरलेली ती ठाण्याची खाडी, लांबी सुमारे २६ किलोमीटर. तोंडाशी समुद्रासारखी रुंद, वर येता येता चिंचोळी, आणि कळव्याजवळ एवढी अरुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारावी. तिथल्या एका अरुंद ओहोळानेच ती उल्हासेला जोडली जाते. म्हणजे साष्टी, जिच्यावर मुंबईची उपनगरं आणि ठाणं वसलंय, हे खरोखरचं बेट आहे आणि मुख्य भूमीच्या सगळ्यात जवळ ते येतं ठाण्यापाशी. ठाण्याचा सगळा इतिहास या एका जागेचा आहे.

समोरच्या काठावर भांडुप-मुलुंडची मिठागरं चमकत होती. भरतीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात घ्यायचं, मग एकाहून एक उथळ वाफ्यांतून फिरवत आटवायचं, शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पहिल्या पावसाला संपतो. हे काम पिढ्यान्‌पिढ्या आगऱ्यांनी केलं. ऐरोलीच्या बाजूला त्यांनीच दुसराही उद्योग केला: खाजणाला, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीला, बांध घालून भातशेती. खारं पाणी बांधाबाहेर अडवायचं आणि बांधात ठेवायची उघाडी. भरतीच्या रेट्याने तिचं दार आपोआप बंद होतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. यंत्र नाही, वीज नाही. बांधाला खांड पडली तर अख्खं गाव रात्री चिखल-दगड घेऊन धावायचं, कारण एकदा खारं पाणी शिरलं की पुढची काही वर्षं भात विसरायचा.

१९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली. ९५ गावांच्या जमिनीवर ३४४ चौरस किलोमीटरचं शहर आखलं गेलं. पुष्कळशी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली, मग पावसाचं पाणी जाणार कुठे? इंजिनिअरांनी ते साठवायला धारण तलाव बांधले आणि त्यांच्या तोंडाशी झडपा बसवल्या. भरतीला मिटणाऱ्या, ओहोटीला उघडणाऱ्या. ही कल्पना हॉलंडकडून घेतली असं सगळीकडे सांगतात. घेतली असेल. पण वाशीच्या धारण तलावाच्या झडपेपाशी उभं राहिलं तर समोर काँक्रीटमधली उघाडीच दिसते, आणि ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ती चालवली त्यांना जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासईला गोळ्या खाव्या लागल्या. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या आंदोलनातून साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या भागाचे विकसित भूखंड परत. नवी मुंबईचा इतिहास म्हणून पाम बीच रोडचे फोटो दाखवणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

नऊला भरती झाली, पक्षी उठून गेले, आम्हीही उठलो. ऐरोलीहून लोकलने ठाणं आणि स्टेशनाला लागून असलेल्या चेंदणी कोळीवाड्यात. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकाने मागे घ्यायची. एका ओट्यावर मावशी सोडे निवडत होत्या. त्यांच्याकडून पाव किलो घेतले. भाव ऐकून मामेभावाने भुवया उंचावल्या, तर मावशी म्हणाल्या, "सोलून बघ एकदा बाबा, मग भाव कर."

या काठावर व्यापार जुना आहे. उत्तरेला सोपारा, जिथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडला. उल्हासेवर आत कल्याण, ज्याच्या व्यापाऱ्यांची नावं कान्हेरीच्या लेण्यांत दाते म्हणून कोरलेली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला एक ग्रीक दर्यावर्दी तक्रार करतो की कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहारा बसवून भडोचला पाठवतात. म्हणजे बंदरांची पळवापळवी तेव्हाही होतीच. त्यानंतर ६३६ च्या सुमारास अरबांच्या आरमाराने ठाण्यावर छापा घातला. इस्लामी इतिहासात भारतावरच्या सगळ्यात जुन्या स्वाऱ्यांमध्ये याची नोंद आहे. छापा घालण्याजोगं काहीतरी इथे होतंच.

खरा बहर शिलाहारांचा. उत्तर कोकणच्या या राजांची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे आजचं ठाणं, नवव्या ते तेराव्या शतकातलं. शेवटच्या सोमेश्वराला यादव महादेवाने समुद्रापर्यंत रेटलं आणि तो पाण्यात बुडाला, असं यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या लेखनात येतं. बोरिवलीजवळ एकसरला जहाजांची लढाई कोरलेले वीरगळ आहेत. ती लढाई हीच, असं काही अभ्यासक मानतात. ते बघावेत असेच आहेत, वल्ह्यांच्या रांगा मोजता येतात. पुढे मार्को पोलो लिहितो की ठाण्याच्या राजाने चाच्यांशी करार केला होता: लुटीतले घोडे राजाचे, बाकी माल चाच्यांचा. पोलोवर किती विसंबायचं हा प्रश्न वेगळा, पण या किनाऱ्यावर घोड्याला किती मोल होतं हे त्यातून कळतं. घोडबंदर हे नाव काही हवेतून आलेलं नाही.

कोळीवाड्यातून चालत मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीपाशी गेलो. हाच ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास काम काढलं, ते पुरं होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी. तिघांनाही एकच जागा हवी होती: जिथून बेटावर पाय ठेवता येतो तो चिंचोळा भाग. पुढे त्याचा तुरुंग झाला. इथूनच १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे निसटले आणि पेशवाईच्या अखेरच्या युद्धाला निमित्त मिळालं. आत जाता येत नाही, फोटोही काढू देत नाहीत. भिंतीलगतच्या रस्त्यावर रिक्षांची रांग आणि वडापावची गाडी.

या किल्ल्यातलीच एक गोष्ट मला फार आवडते. १७८७ मध्ये इथे पाया खणताना ताम्रपट निघाला. शिलाहार राजा अरिकेसरीचा, शके ९३९ म्हणजे इसवी सन १०१७ चा. त्याचा इंग्रजी तर्जुमा कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात छापला गेला. भारतातले कोरीव लेख वाचायला नुकती कुठे सुरुवात होत होती, तेव्हा त्यात ठाण्याचा ताम्रपट होता. शहरात याची एक पाटीसुद्धा माझ्या बघण्यात नाही.

१६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्यालाच का आली, हेही आता सांगायला नको. पुढे पाणी होतं. वर्षभरात पूल झाला आणि १८५४ च्या मे महिन्यात रेल्वे कल्याणला पोचली. त्यानंतर खाडी ओलांडण्याच्या जागा खाली दक्षिणेला सरकत गेल्या: १९७३ चा वाशीचा पूल, २०२४ चा अटल सेतू. आता बुलेट ट्रेनसाठी वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा खणतायत, त्यातला ७ किलोमीटरचा भाग खाडीखालून जाणार. रुंद पाण्याला भ्यायचं कारण उरलं नाही, तसं ठाण्याच्या चिंचोळ्या जागेचं मोलही उतरत गेलं.

दुपारी मासुंदा तलावाकाठी कौपीनेश्वराचं दर्शन घेतलं. देऊळ शिलाहारांच्या परंपरेतलं मानतात, आजची बांधणी मराठा काळातली आहे. शिलाहारांचं अस्सल काम बघायचं तर अंबरनाथ गाठायला हवं. तिथला शिलालेख शके ९८२, म्हणजे १०६० चा, आणि दगड तोच आपला काळा. आमच्याकडे वेळ उरला नाही, पिशवीत सोडे होते. तुम्ही जाणार असाल तर ऐरोलीची बोट नोव्हेंबर ते मे दरम्यान गाठा, भरती सकाळची असेल अशी तिथी निवडा आणि अंबरनाथसाठी वेगळा दिवस ठेवा. तिथला गाभारा बऱ्याच पायऱ्या उतरून खाली आहे, सोबत वयस्कर मंडळी असतील तर हात धरायला कोणीतरी हवं.